लायझाची बाजू

२०१३ साली कथालेखिका ॲलिस मन्रो यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा पुण्यातल्या एका वाचक बाईला घरातलंच कुणीतरी जिंकल्यासारखा आनंद झाला. ऑफिसात तिने पेढे वाटले. कुणाबद्दल, हे बहुतेकांना समजावून सांगावं लागलं, आणि तिने ते हौसेने सांगितलं.

मन्रोबाईंचा ‘रनअवे’ हा कथासंग्रह तिला तिशीत मिळाला होता. गावं कॅनडातली, ऑन्टारिओ प्रांतातली. बायका मात्र ओळखीच्या. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून बसमध्ये बसलेली आणि वाटेतच उतरून त्यालाच ‘न्यायला ये’ म्हणून फोन करणारी कार्ला तिने स्वतःच्या नात्यागोत्यात पाहिली होती. मन्रोबाई अशा बाईला बोल लावत नाहीत, तिची कीवही करत नाहीत. ती का परतते, तेवढं नेमकं दाखवतात. ज्याला माणूस इतका कळतो त्याचं मन मोठंच असणार, असं ती धरून चालली. पुढे बदल्या झाल्या, सासूबाईंचं आजारपण आलं, मुलगी शिकायला बाहेर गेली. मन्रोबाईंची पुस्तकं उशाशीच राहिली.

१३ मे २०२४ ला मन्रोबाई गेल्या. ७ जुलैला ‘टोरोंटो स्टार’ या दैनिकात त्यांच्या धाकट्या मुलीचा, ॲन्ड्रिया रॉबिन स्किनरचा लेख आला. १९७६ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, मन्रोबाईंचे दुसरे पती जेराल्ड फ्रेमलिन यांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. सख्ख्या वडिलांना तेव्हाच कळलं, पण त्यांनी आईला सांगितलं नाही आणि पुढच्या सुट्ट्यांतही मुलीला त्याच घरी पाठवत राहिले. पुढे १९९२ मध्ये मन्रोबाई मुलीशी एका कथेबद्दल बोलल्या. त्या कथेतली मुलगी सावत्र बापाच्या अत्याचारानंतर जीव देते. तिने आईला का नाही सांगितलं, असं मन्रोबाई कळवळून म्हणाल्या. त्या कळवळ्याने धीर येऊन ॲन्ड्रियाने आईला पत्र लिहिलं.

आईने ते नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाची बातमी ऐकावी तसं ऐकलं. काही महिने वेगळ्या राहिल्या, मग परतल्या. फ्रेमलिन यांनी पत्रं लिहून सगळा दोष त्या लहान मुलीवरच ढकलला. तीच पत्रं ॲन्ड्रियाने पोलिसांकडे नेली आणि २००५ मध्ये फ्रेमलिन यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तरीही २०१३ मध्ये ते वारले तोपर्यंत मन्रोबाई त्यांच्याबरोबरच होत्या. चरित्रकार रॉबर्ट थॅकर यांनाही ॲन्ड्रियाने कळवलं होतं. त्यांनी ते चरित्रात घेतलं नाही.

आवडत्या लेखकाच्या खासगी वागण्याचं काय करायचं, हा पेच मराठी वाचकाला अगदीच नवा नाही. मल्लिका अमरशेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आलं. कवी नामदेव ढसाळांबरोबरच्या संसारात सोसलेली मारहाण त्यांनी त्यात उघड लिहिली. कॉलेजात असताना ते वाचून ही बाई हादरली होती. मग कवी वेगळा, नवरा वेगळा, अशी तिने मनाची समजूत घातली. ढसाळांची कविता सौम्यपणाचा आव आणत नाही, म्हणून ती समजूत टिकली. मन्रोबाईंच्या बाबतीत ती टिकेना, कारण इथे तिचं प्रेम जडलं होतं ते त्यांच्या समजूतदारपणावरच.

मग तिने ‘ओपन सीक्रेट्स’ हा १९९४ चा संग्रह पुन्हा काढला. म्हणजे मुलीच्या पत्रानंतर दोन वर्षांनी आलेला. त्यातल्या ‘व्हँडल्स’ कथेत लायझा नावाची तरुणी लॅडनर या म्हाताऱ्याच्या रिकाम्या घराची नासधूस करते. लहानपणी त्याने तिच्यावर आणि तिच्या भावावर अत्याचार केलेले असतात. त्याच्याबरोबर राहणारी बी ही बाई आपल्याला सोडवेल, अशी आशा त्या मुलीने धरलेली असते. बी सोडवत नाही. ती पाहतच नाही, किंवा पाहायचं टाळते. पहिल्यांदा वाचताना या वाचक बाईचं लक्ष होतं बीच्या एकटेपणाकडे. आता तिला फुटलेल्या काचांमध्ये उभी असलेली लायझा दिसली. मन्रोबाईंना सगळं कळत होतं, मुलीच्या बाजूनेसुद्धा. त्या कळण्याचा ॲन्ड्रियाला काडीचाही उपयोग झाला नाही. एवढी समज असलेलं माणूस स्वतःच्या मुलीला वाऱ्यावर सोडू शकतं, हे पचवणं या बाईला जड गेलं, अजूनही जातं.

पुस्तकं रद्दीत द्यावीत, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण स्वतः ॲन्ड्रियाने ते मागितलेलं नाही. आईबद्दल लोक जे सांगतात त्यात आपली गोष्टही असावी, एवढंच तिचं मागणं आहे. हे मागणं या बाईला न्याय्य वाटतं आणि वाचक म्हणून आपल्याला ते पुरं करता येईल, असंही वाटतं. तिच्या वाचनगटात कुणी मन्रो मागितली तर ती पुस्तकाबरोबर त्या लेखाची प्रत देते आणि लेख आधी वाचायला सांगते. लेख वाचून एका मैत्रिणीने कथा न वाचताच पुस्तक परत केलं. तिने आग्रह केला नाही. दुसरीने मात्र ‘व्हँडल्स’ वाचून रात्री फोन केला आणि दोघी बीवरून कडकडून भांडल्या. त्या मैत्रिणीला बीची दया येत होती, आणि हिला आता ती यायची नव्हती.