किती पुरते?

 

‘समाधानी रहा’ असं सांगणारे मेसेज हल्ली रोज सकाळी येतात. उगवता सूर्य, खाली फुलं आणि ‘गरजा कमी करा’. पाठवणारे बहुतेक निवृत्त लोक. त्यातल्या निम्म्यांना महिन्याला चाळीस-पन्नास हजार पेन्शन आहे, म्हणून मला थोडं हसू येतं.

माझे बाबा सूतगिरणीत होते. घरात एक पंखा, दिवाळीला एक ड्रेस आणि रविवारी जमलं तर मटण. पण सात तारखेला पगार म्हणजे पगार. किराणा दुकानाची उधारी आठ तारखेला चुकती व्हायची. आई कशाला नाही म्हणाली तरी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणायची, आणि पुढचा महिना खरंच यायचा. “आपल्याले काय कमी हाये?” हे बाबांचं ठरलेलं वाक्य. लोक म्हणायचे, माणूस फार समाधानी. मी नववीत असताना गिरणी बंद पडली आणि सहा महिन्यांत ते वाक्य घरातून गेलं. बाबा तेच होते, गरजाही तेवढ्याच होत्या. फक्त सात तारीख गेली. त्यांचं समाधान मनाच्या मोठेपणात जेवढं होतं, तेवढंच त्या तारखेतही होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

बाबांचे एक सोबती गिरणीनंतर तेलमिलमध्ये लागले. त्यांना आम्ही काकाच म्हणतो. वय ७१. त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते, महिन्याला १,८६०. ही योजना नोव्हेंबर १९९५ ची. हिशेब सोपा आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ऑगस्ट २०१४ पर्यंत हा पगार जास्तीत जास्त ६,५०० धरायचे, नंतर १५,०००. म्हणजे नव्या मर्यादेत ३० वर्षं घासली आणि बोनसची दोन वर्षं वर धरली, तरी सात हजारांच्या आतच. यात महागाई भत्ता नाही. एकदा बसला तो आकडा मरेपर्यंत तोच. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० ठरली. तेव्हा हजारात काय यायचं आणि आज काय येतं, हे मी सांगायला नको.

आता खरी गंमत. काकांनी श्रावणबाळसाठी अर्ज केला होता. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर, त्याचं रेशनकार्ड वेगळं. इथे दोघं म्हातारे. अर्ज परत आला. त्या योजनेला कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० आहे, महिन्याला १,७५०. काकांची पेन्शन वर्षाला २२,३२० होते. एकशे दहा रुपये महिन्याला जास्त, म्हणून १,५०० गेले. त्यांची पेन्शन हजारच असती तर त्यांना एकूण अडीच हजार मिळाले असते!

रेशनच्या प्राधान्य यादीसाठी शहरात मर्यादा ५९,००० आहे. लाडकी बहीणसाठी अडीच लाख. (काकू तिथे बसत नाहीत, त्यांना ६५ पूर्ण झाली.) एकाच राज्यात, एकाच घराला तीन फूटपट्ट्या. एका टेबलावर काका गरीब, दुसऱ्यावर सुखवस्तू. माणसाला जगायला किती लागतं, हे एकदा बसून कुणी मोजलंय असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. १४ ते २० मार्च, सात दिवस. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची ती मागणी. मी बातम्या केल्या आणि खालच्या कमेंटही वाचल्या. ‘यांना कशाला पाहिजे, आम्हाला कुठे आहे?’ राग समजतो. दाखल्यासाठी चार चकरा मारलेल्या माणसाला बाबूचा पुळका कसा येणार? पण मास्तरांची पेन्शन गेल्याने काकांची एक रुपयाने वाढली नाही, हेही खरं.

आमच्या धंद्याचं म्हणाल तर तालुक्याच्या पत्रकाराला पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. ज्येष्ठ पत्रकारांसाठी सन्मान योजना आहे, पण त्यात ३० वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागतो. नेमणूकपत्र कुणी दिलं होतं आम्हाला? वयाच्या ४६ व्या वर्षी मी आता पोस्टात आरडी सुरू केली आहे. पोरगी दहावीला आहे, ते वेगळंच.

आपल्या बुलढाण्यात ईपीएसवाल्या म्हाताऱ्यांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण धरलं. मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता, सोबत नवरा-बायकोला मोफत उपचार. ‘हे जरा जास्तच मागतात’ असं मला एका पुढाऱ्याने चहा पिता पिता सांगितलं होतं. म्हणून परवा काकांना विचारलं, आंदोलनाचा आकडा बाजूला ठेवा, तुम्हाला दोघांना महिन्याला किती पुरतं? त्यांनी लाइट बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. दूध ९००, गॅस ६००, किराणा २,२००, भाजी ९००, दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,३००, लाइट ५००, मोबाईल २००, लग्न-मयतीला जाणं-येणं ४०० (एसटीचं अर्धं तिकीट धरून), आणि नातू आला तर त्याच्या हातावर ठेवायला १००. घर स्वतःचं, गहू-तांदूळ रेशनचा.

बेरीज ७,१०० आली. त्यांनी ती दोनदा केली. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “नातवाचे शंभर काढू का? लय दिसतात न?”