बारा पावसाळे

डहाणूच्या समुद्राला राग असा फारसा येत नाही. ओहोटी लागली म्हणजे पाणी इतके दूर सरते की, किनाऱ्यावर आलेल्या मुलांना समुद्र शोधीत जावे लागते! मागे काळसर, ओली वाळू पसरलेली असते. तिच्या काठाने सुरूची झाडे वाऱ्यावर घुमत असतात, आणि त्यांच्यापलीकडे चिकूच्या गर्द वाड्या. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. हे निवांत गाव एके काळी लढायांच्या वाटेवर होते, असे सांगितले तर ऐकणारा हसेल.

पण खाडीकडे वळावे. तेथे एक जुना दगडी कोट उभा आहे. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि पुढे या साऱ्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल बसला. खाडीच्या काठी ठाणे असले म्हणजे ये-जा करणारे प्रत्येक गलबत नजरेखाली राही. चिमाजी आप्पांनी १७३७ मध्ये मोहीम उघडली. १७३९ च्या आरंभी दक्षिणेकडील तारापूरच्या कोटावर निकराचा हल्ला झाला. तेथे बाजी भीवराव रेठरेकर हा शूर सरदार धारातीर्थी पडला. डहाणूचे ठाणेही त्याच वर्षी मराठ्यांकडे आले आणि मे महिन्यात वसई पडली. डहाणूचा कोट लहान. वसईच्या पराक्रमापुढे त्याची आठवण कोण ठेवणार? पुढे त्याच्या भिंतींआड सरकारी कचेऱ्या भरू लागल्या.

याहून जुनी एक हकीकत उत्तरेकडील डोंगर जाणतो. घोलवड-बोर्डीच्या पूर्वेस, वारल्यांचे पाडे ओलांडून गेले की बारड, म्हणजेच बहरोटचा डोंगर लागतो. उंची सुमारे दीड हजार फूट. माथ्याजवळ खडकात कोरलेली लेणी आहेत. इराण सोडून आलेल्या पारशांना संजाणच्या राजाने आश्रय दिला होता. पुढे सुलतानाच्या फौजा संजाणवर चालून आल्या, तेव्हा पारशी त्या राजाच्या बाजूने लढले. पण संजाण पडले. मग ते आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरावर चढले आणि बारा वर्षे तेथे राहिले, असे त्यांची परंपरा सांगते.

बारा वर्षे, म्हणजे बारा पावसाळे! उत्तर कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यालाच यातली अडचण कळेल. चार महिने डोंगर ढगांत बुडालेला, लाकूडफाटा ओला, वाटा निसरड्या. उन्हाळ्यातच सरपण तोडून गुहेत रचावे लागले असेल. रात्री कोणीतरी आळीपाळीने जागत बसले असेल. खाली शत्रू होता, म्हणून धूरही जपूनच होऊ द्यायचा. रणात एक दिवस तलवार चालविणे अवघड खरेच. परंतु भिजल्या रात्री चार सुकी लाकडे जपून ठेवणे काही कमी अवघड नसावे.

पुढे तो अग्नी वांसद्याला आणि नवसारीला गेला. १७४२ पासून तो उदवाड्यास आहे. डहाणूहून उत्तरेकडे जाणारी गाडी घोलवड, उंबरगाव, संजाण अशी स्थानके मागे टाकीत उदवाड्यास पोहोचते. घोलवड सोडताना उजव्या बाजूस, आकाश निरभ्र असेल तर, बहरोटचा माथा दिसतो. डब्यातले बहुतेक प्रवासी मात्र तेव्हा चिकूच्या टोपल्या सावरण्यात गुंतलेले असतात.