उलव्याला जाताना

अलीकडे घाटावरच्या गावांतूनही उलव्याचे नाव ऐकू येऊ लागले आहे. कुणाचा मुलगा तिथे भाड्याच्या खोलीत राहून न्हावा-शेवा बंदरात कामाला जातो, कुणाची लेक तिकडे दिलेली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. तेव्हापासून कुणाला पोचवायला, कुणाला आणायला, नाहीतर नुसते विमान बघायलाही माणसे निघतात. खेड्यातून येणारा पाहुणा तिथे कुठे अडतो आणि कुठे फसतो, हे विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी कानावर घालतो.

आधी पत्त्याचे बघा. उलवे नावाचे जुने गाव विमानतळाच्या जागेत गेले. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली अशी एकूण दहा गावे या कामासाठी उठली. उलव्याची टेकडी तासली गेली आणि नदीचे पात्रही वळवले गेले. आज रिक्षावाला ज्याला उलवे म्हणतो ते सिडकोने वसवलेले, सेक्टरांत वाटलेले नवे शहर आहे. इमारती एकीसारखी दुसरी. आपल्या गावात 'अमक्यांच्या घरी जायचंय' म्हटले की पोरेसोरे दारापर्यंत आणून सोडतात. तिथे शेजारचा माणूसही नाव सांगू शकेल याची खात्री नाही. सेक्टरचा आकडा, प्लॉटचा आकडा, इमारतीचे नाव, मजला आणि पाहुण्यांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. एक चिठ्ठी म्हातारीच्या पिशवीत आणि एक पोराच्या खिशात असू द्या. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

पुणे, सातारा, सोलापूरकडच्यांनी पनवेलला उतरावे. तिथून बस किंवा रिक्षा मिळते. नाशिक, जळगाव, मराठवाड्याकडून रेल्वेने येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून नेरुळ किंवा बेलापूरची लोकल धरावी आणि तिथे उरणची गाडी पकडावी. हा मार्ग खारकोपरपर्यंत २०१८ साली आणि पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उलव्याच्या वस्तीला बामणडोंगरी आणि खारकोपर ही दोन स्टेशने जवळची. कुठल्या स्टेशनावर उतरायचे ते पाहुण्यांनाच आधी विचारा. मुंबईच्या मुख्य मार्गासारख्या मिनिटामिनिटाला गाड्या इथे नाहीत, म्हणून परतीची शेवटची गाडी किती वाजता हे उतरल्याबरोबर खिडकीवर विचारून ठेवा. रूळ ओलांडून पलीकडे जाणारे लोक दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका; पुलाचे जिने चढा. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट वीज असते. खांद्यावर पाइप, बांबू किंवा लोखंडी सळई घेऊन फलाटावर फिरणाऱ्याला ती तार स्पर्श न होताही धरू शकते.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर आणि अटल सेतूवर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाहीत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे आणि बघण्यासारखा आहे. पण तो चालत्या गाडीतूनच बघायचा. फोटोसाठी गाडी थांबवायला मनाई आहे आणि मागून येणारा भरधाव असतो. दुसरे म्हणजे बंदराकडे जाणारे कंटेनरचे लांब ट्रेलर. उसाच्या दोन ट्रॉल्या वळताना मागची ट्रॉली कशी आत येते हे तुम्ही पाहिले आहे. ट्रेलरची मागची चाकेही तशीच आत कापत येतात. वळणावर त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये मोटारसायकल घालणारा माणूस चालकाला दिसतच नाही.

आता खाडीविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण घाटावरच्या माणसाला नदी माहीत असते, खाडी माहीत नसते. उलव्याची ही सगळी भूमी मुळात खाजणाची. समुद्राचे पाणी बांधाने अडवून, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडून आगरी शेतकऱ्यांनी इथे भात पिकवला. खाऱ्या जमिनीतल्या भातासाठी पनवेलला संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या भाताच्या वाणांना पनवेल हेच नाव आहे. शहर वाढले तरी कडेला चिखल, तिवरांचे रान आणि भरतीचे पाणी आहेच. हिवाळ्या-उन्हाळ्यात नेरुळ, सीवूड्स आणि उरणकडच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात. गुलाबी थवे दिसले की पोरे धावतात. पाहा जरूर, पण बांधावरून. ओहोटीला मोकळे दिसणारे मैदान म्हणजे कमरेएवढा चिखलही असू शकतो, आणि त्यात कालवांचे कवच पाय कापते.

भरतीचा अंदाज घरच्या दिनदर्शिकेवरूनही काढता येतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या आसपास भरती येते आणि त्या दिवसांत पाण्याला उधाण असते. हा ढोबळ हिशेब आहे, तासभर इकडे-तिकडे होतो, म्हणून गावातल्या कोळ्याला किंवा आगऱ्याला विचारूनच पाण्याजवळ जा. कुणी चिखलात रुतलाच तर त्याने धडपडू नये, पाठीवर रेलून अंगाचा भार पसरावा. काठावरच्यांनी त्याच्या मागे उडी न घेता फळी, दोर, लुगडे जे हाताशी असेल ते टाकावे आणि ११२ वर फोन करावा.

उन्हाळ्यात कोरड्या हवेच्या माणसाला तिथली दमट हवा सोसत नाही. घाम येतो पण सुकत नाही. मीठ-साखरेचे पाणी घेत राहा.

स्थानिक माणसांशी बोलताना एक पथ्य पाळा. 'जमिनीचे किती मिळाले?' हा आपला पहिला प्रश्न असतो, तो विचारू नका. जानेवारी १९८४ मध्ये याच भागात, जासईच्या आसपास, जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पाच माणसे गमावून मिळालेला तो हक्क आहे. आपुलकीने ऐकलेत तर म्हातारी माणसे आपणहून सांगतात, आणि तुमच्या-आमच्या जमिनीवर उद्या रस्ता आला तर काय करावे हेही त्यांच्याकडून कळते.

याच साडेबारा टक्क्यांच्या नावाने पाहुण्यांना फसवणारेही भेटतात. गावाकडची दोन एकर विकून उलव्यात खोली घेण्याचे बोलणे आजकाल चहाच्या एका कपावर होते. घाई करू नका. सिडकोची जमीन बहुतेक भाडेपट्ट्याची असते आणि ती दुसऱ्याच्या नावावर करायला सिडकोची परवानगी लागते. दाखवलेला कागद घेऊन बेलापूरच्या सिडको भवनात स्वतः जा. नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक घेऊन तो खरा आहे का ते पाहा. साध्या कागदावर किंवा नुसत्या स्टॅम्पवर पैसे देऊ नका. सातबारा न बघता तुम्ही गावात बांधभर जमीन घेत नाही. मग इथे का घ्यावी? आणि 'विमानतळावर पोराला चिकटवतो, आधी इतके भरा' असे कुणी म्हणाला, तर तिथूनच नमस्कार करा. खरी नोकरी देणारा पैसे मागत नाही. फोनवरून पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० वर कळवा, उशीर झाला की रक्कम हाती लागणे कठीण होते.

आता प्रत्यक्ष विमानतळ. तिकीट आणि फोटोचे ओळखपत्र असेल त्यालाच इमारतीत प्रवेश असतो; पोचवायला आलेल्यांनी बाहेरूनच हात हलवायचा. म्हणून सगळा गाव जीपमध्ये भरून नेऊ नका. प्रवाशाने दोन तास आधी पोचावे. हातातल्या पिशवीत अडकित्ता, विळी, चाकू, काडेपेटी, तेलाचे लोणचे ठेवू नये. सुके खोबरे नेऊच नये, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेते म्हणून अडवतात. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट, ती मोठ्या सामानात न टाकता जवळच ठेवायची. कीटकनाशकाची बाटली, अर्धी वापरलेली असली तरी, विमानात न्यायची नाही.

कुणाचा मुलगा परदेशातून येणार असेल, तर त्याला आजच निरोप धाडा की येताना बियाणे, रोप, कंद किंवा माती आणू नकोस. हौसेने आणलेल्या मूठभर बियांबरोबर काय येईल सांगता येत नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे गाजर गवत आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि आज ते तुमच्या बांधावर उभे आहे. मक्यावरची लष्करी अळीही त्याच खंडातली. २०१८ साली ती कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि त्या देशाचे पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर माल जप्त होतो. तिकडच्या शेतात फिरून आला असेल, तर बुटांची माती निघण्यापूर्वी तिकडेच धुऊन टाकायला सांगा.