अब्रू कुणाची गेली?

आज पुन्हा अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या संपाबद्दल वाचत बसलो. फेब्रुवारी १९६८. पावसात कचऱ्याच्या गाडीच्या आडोशाला गेलेले दोन सफाई कामगार तिच्याच यंत्रात चिरडून मेले. मग सुमारे १,३०० कामगार संपावर गेले, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. पगारवाढ हवी होतीच, पण त्यांच्या हातांतल्या फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला त्याच शहरात गोळीला बळी पडले.

अमेरिकी समाजाने अब्रू गमावली का, असं मनात आलं की मला ते फलक दिसतात. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांनी प्राण, संपत्ती आणि इज्जत पणाला लावली होती. (त्यांतले कित्येक गुलामांचे मालक होते, हेही विसरवत नाही.) त्याच देशात २००८ साली बँका बुडू लागल्या तेव्हा सरकारने ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. लाखो कुटुंबांची घरं गेली, आणि मदत घेतलेल्या कंपन्यांत बोनस वाटले गेले!

कष्टकऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन मात्र २००९पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडलंय. टिपवर जगणाऱ्या वेटरला मालकाने द्यायची किमान रक्कम तर १९९१पासून २.१३ डॉलर. अनेक राज्यांनी आपापले दर वाढवले, पण देशाची संसद हलली नाही.

गरिबीने कुणाची अब्रू जात नाही. दोन-दोन नोकऱ्या करून घरभाडं भरणाऱ्या बाईने ती राखली आहे. घालवली आहे ती तिच्या श्रमाचं मोल इतकं कमी ठरवणाऱ्यांनी, आणि ते मुकाट पाहणाऱ्यांनी.