आधी दाखला, मग तिरडी

आमच्या लहानपणी आळीत कुणी गेलं, तर कुणाला बोलवावं लागत नसे. एकजण बांबू आणायला जाई, दुसरा सुतळी-कामट्या, तिसरा मडकं. आणि तिरडी बांधणारा माणूस प्रत्येक आळीत असायचाच. एरवी तो गिरणीत नाहीतर पोस्टात कामाला. त्या दिवशी मात्र वडीलधारेही त्याचं ऐकत. दोन लांब बांबू ठेवायचे, त्यांवर आडव्या कामट्या बांधायच्या, वर गवत, गवतावर पांढरं कापड. बांबूवर पाय रोवून तो सुतळी ओढायचा, आणि प्रत्येक गाठ पुन्हा एकदा चाचपून पाहायचा. आम्ही पोरं लांबून बघत असू.

आता बांबूच्या आधी कागद लागतो. म्हातारं माणूस रात्री झोपेत गेलं, की घरात पहिला प्रश्न येतो: दाखला कोण देणार? १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं सांगितलंय, की शेवटच्या आजारपणात ज्यानं उपचार केले त्या डॉक्टरनं मृत्यूचं कारण लिहून द्यायचं, तेही फी न घेता. घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ. पूर्वी तीन पिढ्यांच्या नाड्या पाहिलेला डॉक्टर घरी यायचा, मनगट धरायचा, घटकाभर बसायचा आणि चिठ्ठी लिहून द्यायचा. आता एकेका म्हाताऱ्याला हृदयाचा वेगळा, किडनीचा वेगळा असे चार डॉक्टर असतात, आणि घरी येणारा एकही नसतो. शेजारच्या इमारतीतला डॉक्टर सही करत नाही. त्याचंही चुकत नाही. कधी न तपासलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण तो कशाच्या जोरावर लिहील? मग देह दवाखान्यात न्यायचा, तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ असा शेरा, पुढे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. नव्वदी गाठलेल्या, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते. घरच्यांच्या जिवाला ते फार लागतं.

पण हा कागद उगाच आलेला नाही, हे आमच्या पिढीनं तरी विसरू नये. त्याच आळीत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ म्हणून सुना जळाल्या आहेत. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं जायचं. खांदा देणाऱ्यांच्या मनात शंका असे, तोंडातून शब्द निघत नसे. आम्ही ज्या तत्परतेच्या आठवणी काढतो, तिनं कित्येक बायकांचं मरण न विचारता राखेत घातलं. १९८३मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता बदलली: लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद वाटला, तर पोलिसांनी देह तपासणीला पाठवायचाच. तो नियम १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत आहे. आळीनं जे विचारायला हवं होतं, ते कायद्याला विचारावं लागलं.

आणि ती आळी तरी सगळ्यांची कुठे होती? गावोगाव जातीजातींची स्मशानं वेगळी होती, अजूनही आहेत. बायकांनी दारापर्यंतच यायचं, असा दंडक होता. आज लेक अग्नी देते आणि कुणी अडवत नाही. हे आधी व्हायला हवं होतं.

तरीही काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. विसावा गेला. अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवायची, खांदेकरी बदलायचे आणि मगच पुढे निघायचं. त्या दोन मिनिटांत मुलाला पहिल्यांदा रडू फुटायचं, कारण तोवर विस्तवाचं मडकं सांभाळायचं काम त्याच्या हातात असायचं. शववाहिनी सिग्नलला थांबते, पण तो विसावा नव्हे. कडू घासही गेला. चूल पेटायची नाही म्हणून शेजारच्या घरातून पिठलं-भात यायचा, आणि ‘दोन घास खा गं’ म्हणत कुणी काकू पाठीवर हात ठेवून बसायची. आता ॲपवरून जेवण येतं. गरम असतं, वेळेवर येतं.

शवागाराबाहेरची रात्र मात्र गेली ते बरं झालं. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचं नाही, असा इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज होता. संध्याकाळी अपघातात गेलेल्या माणसाची माणसं सकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून असत. १५ नोव्हेंबर २०२१ला केंद्र सरकारनं, पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना रात्रीही शवविच्छेदन करायची मुभा दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह अशी प्रकरणं तेवढी सहसा वगळली.

देहाचा मान हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये परमानंद कटारा खटल्यात म्हटलं. त्याची किंमत आम्हाला करोनात कळली. प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं आपलं माणूस लांबून पाहायचं, खांद्याचा प्रश्नच नाही. वांद्र्याच्या कब्रस्तानात अशा मृतांचं दफन नको म्हणून शेजारी न्यायालयात गेले. मे २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना नकार दिला आणि मानानं दफन होणं हा हक्क असल्याचं सांगितलं. पूर्वी हा मान शेजारी राखत. त्या महिन्यात तो शेजाऱ्यांपासून राखावा लागला.

आता आमच्यातले बरेचजण देहदानाचे अर्ज भरून बसलेत. त्याला आधार १९४९च्या ॲनाटॉमी कायद्याचा. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावं ही इच्छा मनापासूनची आहे, आणि त्यात तिरडी नाही, अस्थी सावडणं नाही, हेही आम्हाला मान्य आहे. फक्त एवढं मुलांना आत्ताच सांगून ठेवायला हवं: अर्ज कितीही जुना असला, तरी वेळ आली की फोन त्यांनाच करायचा असतो, संमतीची सही त्यांचीच लागते. आणि शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालय सहसा घेत नाही. म्हणजे दाखला देणारा, घरी येणारा एक डॉक्टर आधीच शोधून ठेवायचा.