अम्मीची पहाट

आमच्या घरात सकाळची गडबड कधी नसायची. बीडमध्ये आमच्या गल्लीत सात वाजले की घराघरातून आवाज सुरू होतात. कुणाचा मोजा सापडत नाही, कुणाचा डबा झालेला नाही, कुणी एसटी चुकली म्हणून दारातूनच ओरडतंय. आमच्याकडे शांतता. पाहुणे म्हणायचे, "माशाअल्लाह, तुमचं घर किती शिस्तीचं!" आम्हीही मान डोलावायचो.

आम्ही म्हणजे मियाँ-बीवी दोघं. एकाचं शिवणकामाचं दुकान, दुसरी गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. हे दोघांनी बसून लिहिलंय, म्हणून 'आम्ही'. मधे जिथे भांडण झालं तिथे चूक कुणाची होती, यावर आमचं अजून एकमत नाही, तेव्हा ते सोडून दिलंय. मुलगी तेव्हा दहावीत, मुलगा तिसरीत. आणि अम्मी, एकाची आई, दुसरीची सासू.

जानेवारी २०२५ मध्ये अम्मीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की काही आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. ठीक आहे, आम्ही म्हटलं, सांभाळू.

तिसऱ्याच दिवशी सगळं कोसळलं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तरी आमची फजर कजा झाली. उठून पाहतो तर वरच्या टाकीत पाणी नाही, मोटार चालू करावी तर लाईट नाही. कणीक मळलेली नाही. मुलाच्या गणवेशाला इस्त्री नाही. साडेसातची एसटी गेली. मुलगा बिस्किटांचा पुडा घेऊन शाळेत गेला. मुलीची त्या दिवशी सराव परीक्षा होती. ती वीस मिनिटं उशिरा पोचली आणि शेवटचा प्रश्न तिचा सुटला. घरी येऊन ती आमच्याशी बोललीच नाही. दादीजवळ जाऊन रडली.

अम्मी डोळ्याला पट्टी लावून बसली होती. म्हणाली, "मैं चार बजे उठतीच हूँ, मेरेकू नींद नै आती. तुम लोगाँ सोते रैते, मैं कर लेती." इतक्या वर्षांत हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. शिस्त आमच्या घराची नव्हतीच. एका सत्तरीच्या बाईची झोप होती ती, रोज थोडी थोडी कापून घेतलेली.

तिला विचारून आम्ही कामं मोजली. टाकी भरणं, पिण्याचं पाणी गाळून ठेवणं, कणीक, भाजी चिरणं, दोन डबे, मुलाचे बूट पुसणं, दप्तरात पेन्सिल आहे का ते बघणं. यातलं एकही काम पहाटेच करायला हवं असं नव्हतं. रात्री करायला घरात कुणी मोकळं नव्हतं, एवढंच. आणि मोकळं का नव्हतं? एकजण इशानंतर साडेअकरापर्यंत चौकातल्या हॉटेलवर दोस्तांबरोबर. दुसरी वह्या तपासताना हातात मोबाईल घेऊन. मुलं दुसऱ्या मोबाईलवर.

इथे एक कबुली द्यायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण हेच, की मुलांची झोप पुरी होत नाही. जूनपासून मुलाची शाळा उशिरा भरू लागली आणि आम्ही खूश झालो. झालं काय? आधी दहाला झोपणारा मुलगा साडेअकराला झोपू लागला. शासनाने सकाळी दिलेला वेळ आम्ही रात्री खर्च करून टाकला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आमच्या मुलाची जेमतेम आठ तास होत होती.

तोडगा आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. शाळेत चौथीतला एक मुलगा आहे. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्याचे आई-वडीलही जातात आणि तो नानीजवळ राहतो. नानीला गुडघ्यांमुळे उठवत नाही. तरी हा पोरगा रोज वेळेवर, केस विंचरलेले, डबा भरलेला. त्याला विचारलं, सकाळी एवढं कसं करतोस? तो म्हणाला, "सकाळी कुठं मॅडम, मी रात्रीच करतो." पाणी भरतो, नानीच्या गोळ्या आणि तांब्या उशाशी ठेवतो, दप्तर दाराला टांगतो, मग झोपतो. दहा वर्षांचा मुलगा. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून फार लाज वाटली.

मग आम्ही रात्र बदलायला घेतली. पहिला आठवडा वाईट गेला. कामं वाटून घेतली तर प्रत्येकाला दुसऱ्याचं काम सोपं दिसायचं. लोकांचे कपडे दिवसभर इस्त्री करणाऱ्याला घरचे चार कपडे जड वाटत होते! शेवटी जमलं ते असं: मगरिबनंतर मुलं अभ्यासाला, जेवण इशाच्या आधी. इशानंतर चौघांनी अर्धा तास कामाला हात लावायचा आणि तोवर चारही मोबाईल अम्मीच्या पेटीत. किल्ली अम्मीकडे. हे काम तिला इतकं आवडलं की डोळ्याची तक्रारही ती विसरली.

त्या अर्ध्या तासात टाकी भरते, म्हणजे पहाटे लाईट गेली तरी फिकीर नाही. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही कधीही. त्यामुळे हौदात किती पाणी उरलंय ते रात्रीच बघावं लागतं. कपडे इस्त्री होतात. मटकी भिजते, लसूण सोलला जातो. एक गोष्ट मात्र शिकायला लागली. गव्हाची कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवता येते, ज्वारीची नाही. रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून सकाळच्या डब्यात चपाती आणि भाकरी रात्रीच्या जेवणात. अम्मीला सकाळी चपाती चालत नाही, तिच्यासाठी एक भाकरी झाकून ठेवतो. ती शिळीच तिला दुधात कुस्करून आवडते.

झाकण्यावरून आठवलं. अंधार पडला की मुलांना घरात घ्या, रात्री दारं लावा, भांडी झाका, दिवे विझवा, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिल्याचं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं त्यांना आवडत नसे, हेही आहे. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. भांडी झाकायचं काम बायकांचं आणि गप्पांची हदीस दुसऱ्यांसाठी, असं काहीतरी आम्ही धरून चाललो होतो. ह. आयशा (र.) यांना विचारलं गेलं की प्रेषित (स.) घरात काय करत, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. आमच्यातल्या एकाने ही हदीस जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली असेल! हॉटेलवरचं बसणं मात्र आता कुठे सुटलं. पूर्ण नाही. शनिवारी अजून जातो. दोस्त चिडवतात, "घरवाली ने ताला लगाया क्या?" ताला अम्मीने लावलाय, हे त्यांना सांगितलेलं नाही.

खरी परीक्षा मार्चमध्ये होती. दहावीचे पेपर २१ फेब्रुवारीला सुरू झाले आणि २ मार्चला पहिला रोजा. रमजानात मात्र रात्रीची तयारी कुणाला शिकवावी लागत नाही. खजूर काढून ठेवलेले, सालन तयार, गजर दोन-दोन फोनवर. उरलेले अकरा महिने आपण हे विसरतो कसे, याचं आता आम्हालाच नवल वाटतं. मुलगी तरावीहनंतर लगेच झोपायची, सहरीला उठायची, फजरनंतर तासभर वाचायची. हॉलतिकीट आणि दोन पेन रात्रीच दाराशी टांगलेले असायचे, त्या पोराच्या दप्तरासारखे. एकाही पेपरला तिला उशीर झाला नाही.

सगळं सुरळीत आहे असं मात्र समजू नका. लग्नसराईत वलीम्याची दावत रात्री अकराला वाढली जाते आणि दुसऱ्या दिवशी आमचं घर गल्लीतल्या कुठल्याही घरासारखं असतं. उन्हाळ्यात फजरची अजान साडेचारच्या आसपास आणि इशा आठनंतर. तेव्हा रात्र आखूड पडते आणि अर्धा तास काढायचा कुठून यावर रोज वाद.

अम्मीचा डोळा आता चांगला आहे. बरी झाल्यावर ती पुन्हा चारला स्वयंपाकघरात जाऊ लागली, तेव्हा आम्ही हट्टाने अडवलं. ती रुसली. दोन दिवस म्हणत राहिली, "अब मेरा काम क्या रह गया इस घर में?" हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मग ठरलं की सकाळचा चहा तिचा, बाकी काही नाही. चारला तिला अजूनही जाग येते. तहज्जुद पढते, तसबीह घेऊन बसते. मधेच उठून अंधारात स्वयंपाकघरात जाते आणि एकेका भांड्यावर हात फिरवून झाकण नीट बसलंय का ते बघते. परवा दुधाच्या पातेल्यावर आमचं झाकण वाकडं होतं. सकाळी चहाबरोबर तेही ऐकून घ्यावं लागलं.