सीलबंद वेग

कोल्हापुरात वस्तू विकत घेतली की ती कंपनीची राहत नाही. बुलेटचा सायलेन्सर आधी बदलतो, नंबरप्लेट मागाहून येते. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याला छापील माप सांगितलं तर तो मान डोलावतो आणि हळूच मायक्रोमीटर काढतो. खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तोही याच स्वभावाचा. बाबुराव पेंटरांनी १९१८ साली इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

त्यामुळे भाच्यानं कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप उचलून आणला आणि “मामा, ह्याला जरा पळवूया की,” म्हणाला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आत इंटेलचा कोअर २ ड्युओ ई६६००. २००६ सालचा गडी, वेग २.४ गिगाहर्ट्झ.

असेंबल केलेल्या पीसीत हे काम सोपं. बायोसमध्ये शिरायचं, बसचा, म्हणजे बोर्ड आणि चिपमधल्या वाटेच्या ठोक्याचा, आकडा वाढवायचा. ब्रँडेड डब्याचा बायोस उघडला तर तारीख, वेळ, बूटचा क्रम, पासवर्ड. वेगाचा रकानाच नाही. कंपनीचं चुकलं असंही म्हणवत नाही. हजारो टेबलांवरच्या यंत्रांची वॉरंटी सांभाळायची, तर दर कारकुनाच्या पायाखाली ॲक्सिलरेटर कोण देईल?

पण तो २.४ आला कुठून? सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो चिप निघतात. तपासून कुणावर कमी वेगाचा शिक्का बसतो, कुणावर जास्तीचा. स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त असलं की दमदार चिपलाही खालचा शिक्का मिळतो. शिक्क्यात थोडं सिलिकॉन असतं, थोडा बाजार. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए नं हे बिंग फोडलं. ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून घ्यायचा, बस ६६ वरून १०० वर न्यायची, की तो ४५० वर पळायचा. बोर्ड हट्टी असला तर लोक एका संपर्कबिंदूवर नेलपॉलिश फासून त्याला चकवत. पुढं एएमडीच्या ड्युरॉनवरचे तुटके पूल पोरं चक्क शिसपेन्सिलीनं जोडू लागली. ग्राफाइटमधून वीज वाहते, या शाळेतल्या धड्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिला नाही.

आमच्या गड्याला पेन्सिल नको, पट्टी हवी होती. त्याच्या पोटाखाली ७७५ सोनेरी ठिपके. त्यांतले तीन बोर्डाला सांगतात, माझी बस अमुक. त्या तिघांतला नेमका एक झाकला की बोर्डाला वाटतं, हा २६६ चा नव्हे, ३३३ चा. गुणक तोच ९, म्हणजे २.४ चे झाले ३.०. बोर्डाला मात्र ३३३ ची बस ठाऊक असावी लागते, आमच्याला होती. भाच्यानं पंखा बंद केला, ब्लेडनं चिकटपट्टीचा तिळाएवढा तुकडा कापला आणि चिमट्यानं टेकवला. तो शेजारच्या ठिपक्यावर घसरला. काढला, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा टेकवला. हीटसिंकखालची पेस्ट वाळून भुगा झाली होती, तीही नवी लावली. फॅनमधून निघालेल्या धुळीत एखादं रोप लागलं असतं.

पैशांचा हिशेब केला तर हा सगळा उद्योग आतबट्ट्याचाच. एक एसएसडी बसवली असती तर यंत्र याहून चपळ वाटलं असतं. भाच्याला हे माझ्याआधी ठाऊक होतं, म्हणून मी बोललो नाही.

उष्णतेचं तेवढं भान हवं. व्होल्टेज न वाढवता वेग सव्वापट केला की ती साधारण सव्वापटच वाढते. व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या हिशेबानं चढते. ब्रँडेड डब्यात व्होल्टेजलाही कुलूप असतं, आणि हे कुलूप मला एकदम पसंत आहे.

यंत्र सुरू झालं, स्क्रीनवर ३.० उमटलं. चिपला घाम फोडणारा प्राइम९५ प्रोग्राम लावून आम्ही पारा बघत बसलो. तेवढ्यात दाजी उद्यमनगरातून आले, हाताला ग्रीस तसंच.

“किती तापतोय?”

“६८, पप्पा.”

“एवढंच? आमचं इंजिन ऐंशीला गाणं म्हणतंय. लाव की आनि एक पट्टी!”